बुडालेल्या बेटाची हद्द

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

भारत आणि बांगलादेश यांच्यात एका बेटावरून जवळजवळ चाळीस वर्षं वाद चालला. त्या बेटावर कायमची वस्ती कधीच नव्हती. सर्वात उंच जागा समुद्रापासून दोन मीटरच्या वर कधी गेली नाही असं सांगतात. पण नावं मात्र तीन. आपल्याकडे न्यू मूर, बंगालमध्ये पूर्वाशा, बांगलादेशात दक्षिण तालपट्टी. या बेटासाठी बोटी आमनेसामने आल्या, झेंडा फडकला, निषेधाचे खलिते गेले. २०१० मध्ये बातमी आली, की बेट बुडालं. आणि २०१४ मध्ये निकाल लागला, की ते कुणाच्या हद्दीत होतं!

वाचून हसू येतं. मलाही आलं होतं. पण प्रकरण नीट वाचत गेलो तसं लक्षात आलं, की रोज टीव्हीवर ज्या तीन बातम्या वेगवेगळ्या दाखवतात (एक सीमेवरच्या तणावाची, एक हवामान बदलाची आणि एक उपग्रह, डेटा वगैरे तंत्रज्ञानाच्या नियमांची) त्या तिन्ही या एका वाळूच्या पट्टीवर एकत्र आल्या होत्या. म्हणून हा इतिहास सांगतोय.

आधी नदीची गोष्ट.

नदीकाठच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, की नदी जागेवर राहत नाही. एका काठाची जमीन खाते, दुसऱ्या काठाला गाळ आणून टाकते. आपल्या महसूल कायद्यात याला शब्द आहे, मळई. नदीने आणून टाकलेली जमीन कुणाची, वाहून गेलेल्या जमिनीचा सारा भरायचा की नाही, याच्या तरतुदी आहेत. तालुक्याच्या कचेरीबाहेर बसलेल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, बांधाच्या भांडणापेक्षा मळईचं भांडण जास्त किचकट असतं, कारण बांध निदान दाखवता तरी येतो.

बंगालमध्ये तर हा रोजचाच प्रश्न. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून एवढा गाळ आणतात की दरवर्षी कुठेतरी नवी जमीन वर येते आणि कुठेतरी जुनी जाते. अशा नव्या जमिनीला तिकडे 'चर' म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीला १८२५ मध्येच यासाठी वेगळा नियम करावा लागला होता. पुढे १९२५ च्या एका सरकारी अधिसूचनेत चोवीस परगणा आणि खुलना या दोन जिल्ह्यांची हद्द लिहिली गेली. इच्छामती, कालिंदी, रायमंगल, हरिभांगा या नद्यांच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून ती समुद्रापर्यंत जाते, असं त्यात आहे. आणि 'मुख्य प्रवाह' या शब्दांबरोबर आणखी एक शब्द घातला गेला. अर्थ असा, की 'त्या त्या वेळचा' मुख्य प्रवाह. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला नदी माहीत होती. दोन जिल्ह्यांच्या हद्दीसाठी ही सोय चांगलीच होती, कारण दोन्हीकडे सरकार एकच होतं.

१९४७ मध्ये सिरिल रॅडक्लिफ आला. ८ जुलैला भारतात पोचला. त्याआधी त्याने हा देश पाहिलाही नव्हता. हातात जेमतेम पाच आठवडे. पंजाब आणि बंगाल दोन्ही कापायचे. बंगालच्या दक्षिण टोकाला त्याने नवी रेघ ओढली नाही, चोवीस परगणा आणि खुलना यांच्यात जी जिल्ह्याची हद्द होती तीच देशाची हद्द केली. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला. कालपर्यंत जी रेघ दोन कलेक्टरांच्या मधली होती ती एका रात्रीत दोन देशांच्या मधली झाली. त्यात 'त्या त्या वेळचा प्रवाह' ही अडचणही तशीच आली.

आता वादळाची गोष्ट.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं. किमान तीन लाख माणसं गेली. काही अंदाज पाच लाखांचे आहेत. जगात नोंद झालेल्या चक्रीवादळांपैकी सर्वात जास्त बळी घेणारं वादळ हे. पश्चिम पाकिस्तानातल्या लष्करी सरकारने मदतीत जी दिरंगाई केली त्याचा राग बंगाली माणसाच्या मनात आधीपासून साचलेल्या रागात मिसळला. महिन्याभरातच निवडणूक होती. मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या दोन सोडून सगळ्या जागा जिंकल्या. पुढचं १९७१ तुम्हाला माहीत आहे. बांगलादेश एका वादळामुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल, कारण भाषेचं आंदोलन, आर्थिक पिळवणूक, सत्ता नाकारणं हे सगळं त्यामागे होतं. पण नैसर्गिक आपत्ती ही फक्त मदत-पुनर्वसन खात्याची बाब नसते, ती राज्यं हलवू शकते, हे आपल्याच शेजारी घडलेलं उदाहरण आहे. हल्ली परिषदांमध्ये 'हवामान आणि सुरक्षा' असे शब्द ऐकू येतात, त्याचा अर्थ हाच.

याच वादळानंतर हरिभांगा नदीच्या मुखाशी, समुद्रात, वाळू-गाळाचं ते बेट वर आलं असं मानलं जातं. १९७४ मध्ये अमेरिकन उपग्रहाच्या छायाचित्रात ते दिसलं. बघा, बेट दोन देशांच्या हद्दीवर आणि त्याचा फोटो तिसऱ्याच देशाकडे.

वाद अगदी साधा होता. हद्द मुख्य प्रवाहाच्या मधून जाते. मग मुख्य प्रवाह बेटाच्या कुठल्या बाजूने वाहतो? पूर्वेकडून वाहत असेल तर बेट भारताचं. पश्चिमेकडून वाहत असेल तर बांगलादेशाचं. भारत म्हणे पूर्वेकडून, बांगलादेश म्हणे पश्चिमेकडून. संयुक्त पाहणी करू अशी चर्चा झाली, पण ती काही झाली नाही. मे १९८१ मध्ये भारताचं सर्वेक्षण जहाज तिथे गेलं, बांगलादेशाने गनबोटी पाठवल्या. त्याच वर्षी बेटावर तिरंगा फडकला, सीमा सुरक्षा दलाची तात्पुरती चौकीही लागली. बांगलादेशात मोर्चे निघाले. गोळी सुटली नाही, एवढं नशीब.

ओसाड वाळूच्या पट्टीसाठी एवढं का? कारण पट्टी छोटी असली तरी तिच्यामागचा समुद्र मोठा होता. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार झाला. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासे, तेल आणि वायूवर त्या देशाचा हक्क. जमिनीवरची हद्द जिथे समुद्राला मिळते तिथून समुद्रातली हद्द सुरू होते. ते टोक थोडं इकडेतिकडे सरकलं, की पुढे शेकडो किलोमीटर समुद्र इकडचा तिकडे होतो. शेताच्या कोपऱ्यातला दगड हातभर सरकवला की शेवटच्या टोकाला किती गुंठे जातात, हे मोजणीवाल्याला विचारा. तसंच.

बांगलादेशाची अडचण आणखी वेगळी होती. त्याचा किनारा आत वळलेला. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला म्यानमार. दोन्ही शेजाऱ्यांनी सरळ मध्यरेषा ओढल्या असत्या तर बांगलादेशाच्या वाट्याला शंकरपाळ्याच्या टोकासारखा निमुळता तुकडा आला असता, आणि खोल समुद्राकडची वाटच बंद झाली असती. २००८ मध्ये वायूच्या शोधावरून बांगलादेश आणि म्यानमारच्या नौदलाची जहाजं समोरासमोर आली. मग बांगलादेशाने दुसरा मार्ग घेतला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी त्याने दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध सागरी कायद्याखाली दाद मागितली.

पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, जादवपूर विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान विभागाचे सुगत हाजरा यांनी उपग्रहाची छायाचित्रं दाखवून सांगितलं, की बेट पूर्ण पाण्याखाली गेलंय. उपग्रहाने दाखवलेलं बेट उपग्रहानेच नाही असं सांगितलं. समुद्राची पातळी वाढणं हे एक कारण. त्रिभुज प्रदेशात जमीन खचते, प्रवाह बदलतो, गाळ कमी-जास्त होतो, तीही कारणं असतात. सगळं खापर एकट्या तापमानवाढीवर फोडणं बरोबर नाही. पण समुद्र चढतोय आणि सुंदरबनात तो आधी दिसतोय, हेही खोटं नाही. त्या वेळी जगभरच्या पत्रकारांनी लिहिलं, की चला, दोन देशांना जे जमलं नाही ते समुद्राने केलं, वाद मिटला.

वाद मिटला नव्हता! खटला चालूच होता. बेट गेलं तरी हद्दीचं टोक ठरायचंच होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये लवादाचे सदस्य प्रत्यक्ष पाहणीला येऊन गेले. ७ जुलै २०१४ रोजी हेगहून निकाल आला. वादातलं एकूण क्षेत्र होतं २५,६०२ चौरस किलोमीटर. त्यातलं १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळालं, म्हणजे चारातले तीन हिस्से. जमिनीच्या हद्दीचं टोक ठरवताना १९४७ ची परिस्थिती आणि रॅडक्लिफचा नकाशा प्रमाण धरला गेला. त्या हिशेबाने जिथे पूर्वी बेट होतं ती जागा भारताच्या बाजूला आली. बांगलादेशातले विरोधक तालपट्टी गेली म्हणून ओरडले, आपल्याकडे एवढा समुद्र गेला म्हणून थोडी कुरकुर झाली. पाच जणांच्या लवादात एक भारतीय सदस्य होते, पी. एस. राव. त्यांनी काही मुद्द्यांवर वेगळं मत नोंदवलं. पण दोन्ही सरकारांनी निकाल मान्य केला.

इथे दोन मिनिटं थांबायला हवं. लष्कर, नौदल, अर्थव्यवस्था, सगळ्यात भारत बांगलादेशापेक्षा कितीतरी मोठा. 'नाही मानत जा' म्हटलं असतं तर बांगलादेश काय करणार होता? दोन वर्षांनी, १२ जुलै २०१६ रोजी, दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने असाच निकाल लागला, तेव्हा चीनने नेमकं तेच केलं. तिथे आजही पाण्याचे फवारे मारणं, बोटींना बोटी धडकवणं चालू असतं. बंगालच्या उपसागरात मात्र हद्द ठरली, विषय संपला. पुढच्याच वर्षी जमिनीवरचे एकमेकांत अडकलेले १६२ भूभागही दोन्ही देशांनी अदलाबदल करून मोकळे केले. १९७४ चा करार, अंमल २०१५ मध्ये. मोठ्या देशाने हरलेला निकाल मानणं हा दुबळेपणा आहे असं काहींना वाटतं. मला वाटतं सुरक्षेवरचा तो सर्वात स्वस्त खर्च होता. ज्या हद्दीवर वाद नाही तिथे गस्तीला कमी बोटी लागतात.

आता त्या निकालातली सर्वात महत्त्वाची गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं गेलं. समुद्र वाढून किनारा बदलणार आहे, तर हद्द ठरवताना ते धरायचं का, हा प्रश्न लवादापुढे आला. लवादाने नकार दिला. म्हणणं असं, की हवामान बदलाच्या शक्यतेवरून जगभरातल्या ठरलेल्या सागरी हद्दी धोक्यात आणता येणार नाहीत. आज जी रेघ ठरली ती ठरली. १९२५ च्या त्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं 'त्या त्या वेळचा प्रवाह', आणि २०१४ चा कायदा म्हणतो, रेघ हलणार नाही, पाणी कुठेही जावो.

हे शहाणपणाचंच आहे. समुद्र चढेल तशा हद्दी बदलायच्या ठरवल्या तर दर दहा वर्षांनी प्रत्येक किनाऱ्यावर नवं भांडण. पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशांनी २०२१ मध्ये एकत्र जाहीर केलं, की आमची जमीन आकसली तरी आमचे सागरी हक्क आकसणार नाहीत. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलावर जे मत दिलं, त्यातही समुद्र चढला म्हणून देशांना आपल्या आधारभूत रेषा नव्याने काढण्याची सक्ती नाही असं सांगितलं. म्हणजे रेषांची सोय झाली.

माणसांची? न्यू मूरच्या पश्चिमेला, हुगळीच्या मुखाशी, लोहाचरा नावाचं बेट होतं. तिथे माणसं राहत होती, शेती होती. ते पाण्याखाली गेलं. शेजारच्या घोडामाराची अर्ध्याहून जास्त जमीन गेली. लोक सागर बेटावर आले, कुणी कोलकात्याला गेले, कुणी आणखी लांब. त्यांच्यासाठी लवाद बसला नाही. देशाची हद्द ओलांडावी लागली तर आणखी वाईट. १९५१ च्या निर्वासित करारात छळ हे कारण आहे, समुद्र हे कारण नाही. किरिबातीच्या एका माणसाने न्यूझीलंडमध्ये याच कारणावरून आश्रय मागितला, त्याला २०१५ मध्ये परत पाठवलं. तुवालूच्या लोकांसाठी ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये करार केला, वर्षाला २८० जणांना येऊ देणार. तुवालूची लोकसंख्या दहा-अकरा हजार. तिथे हे गणित बसतं. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर कोट्यवधी माणसं आहेत.

राहिला तिसरा धागा, तंत्रज्ञानाचा. १९७४ मध्ये तो फोटो ज्याच्याकडे होता त्याला आपल्या दारातलं आपल्याआधी दिसलं. तेव्हा अनेक विकसनशील देशांचा आग्रह होता, की आमच्या जमिनीचे वरून फोटो काढायचे तर आधी आम्हाला विचारा. मोठ्या देशांनी ते मानलं नाही. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तत्त्वं ठरवली. परवानगी लागणार नाही, पण ज्याच्या जमिनीचे फोटो आहेत त्याला ती माहिती भेदभाव न करता, वाजवी किमतीत मिळाली पाहिजे. दोन वर्षांनी, मार्च १९८८ मध्ये, आपला स्वतःचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए वर गेला. तरी आपले नकाशे सामान्य माणसासाठी बंदिस्तच राहिले. किनारा आणि सीमेजवळचे नकाशे मिळवणं म्हणजे दिव्य. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने हे नियम बरेच सैल केले. तोवर परदेशी कंपन्यांच्या ॲपवर आपला किनारा जगाला दिसत होता, आणि आपल्याच अभ्यासकाला परवानगीचे कागद फिरवावे लागत होते.

'आपला काय संबंध' असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी कच्छमधली सर क्रीक. साधारण ९६ किलोमीटरची दलदलीतली खाडी. तिची हद्द १९१४ मध्ये ठरवली ती मुंबई सरकारने, कारण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. वाद होता सिंध आणि कच्छ संस्थानाचा. त्या ठरावावर आजही भारत-पाकिस्तानचं एकमत नाही. पाकिस्तान म्हणतो हद्द पूर्व काठावर, भारत म्हणतो प्रवाहाच्या मधोमध. २००७ मध्ये संयुक्त सर्वेक्षण झालं, खाडी सरकलेली दिसली, निकाल नाही. तेच दुखणं, फक्त इथे लवाद नाही.

आणि याची किंमत मोजतो पालघरचा माणूस. आपल्या पालघर जिल्ह्यातले कितीतरी मच्छीमार गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर रेघ दिसत नाही. वारा, प्रवाह, माशांचा थवा, कशानेही बोट पलीकडे जाते, आणि मग वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघरच्या एका मच्छीमाराचा पाकिस्तानी सागरी यंत्रणेच्या गोळीबारात जीव गेला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. इस्रोचं तंत्रज्ञान, एक लाख बोटी. हद्द जवळ आली की इशारा मिळणार, वादळाची सूचनाही मिळणार. चांगली गोष्ट आहे. पण बोट कुठे कुठे गेली याची माहिती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, ती खलाशाच्या बाजूने पुरावा म्हणून वापरता येणार का, हे विचारायला हवं. बोट हद्दीच्या आत होती हे जर उपग्रहाला माहीत असेल, तर पलीकडच्या तुरुंगात अडकलेल्या खलाशाच्या घरच्यांनाही ते कागदावर मिळालं पाहिजे. नाहीतर यंत्र बोटीवर आणि माहिती दिल्लीत, असं होईल.

न्यू मूरने माझ्यापुरतं शिकवलं ते एवढंच. हद्दीचं भांडण मिटवता येतं, आणि मोठ्या देशाने थोडं सोडलं तर लवकर मिटतं. आकाशातून दिसणाऱ्या गोष्टींचे नियमही करता येतात, उशिरा का होईना. पण पाणी चढल्यावर जागा सोडावी लागणाऱ्या माणसाचा सातबारा कुठे लिहायचा, याचं उत्तर अजून कुठल्याच देशाकडे नाही. पुढची पन्नास वर्षं भांडणं होतील ती यावरून होतील. बुडालेल्या बेटाला चार वर्षांत हद्द मिळाली. घोडामाराच्या माणसाने मागितली तर कुठल्या कचेरीत अर्ज करायचा?

किनाऱ्यावरचे मित्र इथे बरेच आहेत. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. तुमच्या गावात समुद्र किती आत आला, कुणाची वाडी गेली, भरपाई मिळाली की नाही, ते खाली लिहा. बोटीवर ट्रान्सपाँडर बसला असेल तर तोही अनुभव सांगा.